पल्लवीचं पांढरं कार्ड

मॅडम, तुम्हांला नागपूरला नेणारी ॲम्ब्युलन्स वैनगंगेच्या पुलावर होती तेव्हा मी तोंड उघडलं होतं. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, तुमचा हात माझ्या हातात होता आणि मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. तरी तुम्हांला कसं कळलं कोण जाणे. तुम्ही दोन बोटांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क उचललात आणि म्हणालात, "बोल."

मी म्हणाले, "काही नाही मॅडम. पूल आला."

तुम्ही मास्क परत ठेवलात. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरच्या दवाखान्यात तुम्ही गेलात. हृदयानं साथ दिली नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तेरवी होऊनही आता आठ दिवस झाले. मला मात्र रोज तो पूल दिसतो. भात वाढताना दिसतो, केस विंचरताना दिसतो. कुणी फोन उचलून साधं "बोला" म्हणालं तरी मी फोन ठेवून देते.

पेपरात तुमच्यावर बराच मजकूर आला. थोर आनुवंशशास्त्रज्ञ, हैदराबादची मोठी प्रयोगशाळा सोडून गोंदियाला परतलेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी आयुष्य वेचलेल्या. सगळं खरं आहे. फोटो मात्र केस चापून बसवलेला, इस्त्रीच्या साडीतला होता. तसं तुम्हांला मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिलं असेल. माझ्या डोळ्यांपुढे येता त्या तुम्ही वेगळ्याच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया तपासणीला येत नाहीत म्हणून साडी गुडघ्यापर्यंत खोचून बांधीच्या चिखलात उतरलेल्या, आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्यावर ओरडणाऱ्या: "लता, आधी नाव, मग सुई."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. खोटं सांगत नाही. मुर्री रस्त्यावरच्या आपल्या तपासणीच्या खोलीत मी एकटीच काम करत असते, फ्रिज घरघरत असतो, मी कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधते आणि माझ्या उजव्या खांद्यामागे तुम्ही ते बोलता. मी वळून पाहत नाही. वळले तर तिथे कोणी नसेल, हे मला ठाऊक आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा नर्सिंगचा कोर्स करून घरी बसलेली, कडेवर लेक पल्लवी असलेली बाई होते. तुम्ही माझी सर्टिफिकेटं बाजूला सारलीत आणि एक कागद पुढे केलात. "अक्षर दाखव. डॉक्टरचं अक्षर घाण असलं तरी चालतं, रजिस्टर लिहिणाऱ्याचं नाही." मी माझं नाव लिहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून ते पाहिलंत आणि लगेच माझंच रक्त काढलंत. संध्याकाळी मशीनमधली ओली पट्टी उजेडात धरून मला दाखवलीत. निरोगी रक्ताची पट्टीवर एक रेघ उमटते. माझ्या रक्ताच्या दोन होत्या.

मी रडायला लागले, तर तुम्ही चिडलात. "मेली नाहीस तू. वाहक आहेस. सत्तर-ऐंशी वर्षं आरामात जगशील. फक्त नवऱ्याचं रक्त पाहू." नवऱ्याची एकच रेघ निघाली. तुम्ही मला पिवळं कार्ड दिलंत, त्याला पांढरं, आणि म्हणालात, "तुमच्या पोरांना आजार होणार नाही. झालंच तर तुझ्यासारखं पिवळं कार्ड मिळेल. आता डोळे पूस आणि पट्टी धुवायला शीक."

गावात तुम्ही हेच धानाच्या भाषेत सांगायच्या. प्रत्येक लेकराला आईकडून एक दाणा मिळते, बापाकडून एक. एक दाणा पोचट निघाला तरी दुसऱ्यावर भागते, त्याचं कार्ड पिवळं. दोन्ही पोचट आले त लेकराचे हाल होते, हाडं दुखते, रक्त कमी पडते, त्याचं कार्ड लाल. म्हणून पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न जमवताना शंभरदा विचार करा. शास्त्र एवढंच. पण ते पोचवताना तुमचे बूट झिजले. कामठ्याच्या एका म्हातारीनं तुमच्याकडे गुडघ्याची गोळी मागितली होती. तुम्ही म्हणालात, मी गोळीवाली डॉक्टर नाही आजी, मी रक्त वाचते. तर ती म्हणाली, "वाचून का करतेस वो बाई? रक्त का पोथी हाये?" परतताना गाडीत तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतात.

तुमच्या भावाबद्दल तुम्ही एकदाच बोललात. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसून आपण डबा खात होतो. तुमचं गाव तिथून जवळच. तुम्ही समोरच्या पाण्याकडे पाहत म्हणालात, "बंडू इथंच बसायचा. पोहता येत नव्हतं त्याला, सांधे सुजायचे. लोकांनी बाहेरचं म्हटलं, करणी म्हटलं, आईनं किती देव केले. अकराव्या वर्षी गेला. मी हैदराबादला शिकायला गेले आणि पहिल्याच वर्षी सरांनी त्या विळ्यासारख्या वाकड्या पेशींचा फोटो दाखवला. मी वहीच्या कोपऱ्यात बंडूचं नाव लिहिलं आणि बाहेर जाऊन ओकले." एवढं बोलून तुम्ही माझ्या डब्यातलं लोणचं उचललंत. मग मला कळलं, तुम्ही परदेशातली बोलावणी का नाकारलीत आणि ते मशीन आगगाडीत मांडीवर घेऊन गोंदियाला का आलात.

भांडणंही आपली कमी झाली नाहीत. सगळ्यांत मोठं भांडण कार्डांवरूनच. मुर्रीच्या एका पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, आठवतं? तिचं कार्ड पिवळं निघालं म्हणून पाहुण्यांनी नारळ परत पाठवला. मुलाचं रक्त कोणी पाहिलंच नव्हतं. तिची आई आपल्या खोलीच्या दारात उभी राहून तुम्हांला शिव्या घालून गेली. त्या दिवशी मी तुम्हांला म्हणाले होते, "मॅडम, तुमचं कार्ड पोरीच्याच गळ्यात पडते. पोराचं कोन मागते?"

"मग मागायला शिकव त्यांना."

"पोरीचा बाप मागेल? दारात पाहुणे बसलेले असताना? तुम्हांला लग्न जमवावं लागलं नाही म्हणून बोलता."

लग्न न केलेल्या बाईला असं बोलू नये, एवढी अक्कल मला होती. तरी बोलले. तुम्ही राहिलेल्या पट्ट्या धुतल्यात आणि म्हणालात, "भीती सगळ्यांना आहे लता. त्या पाहुण्यांनाही आहे. भीतीचा इलाज कार्ड लपवणं नाही." मी म्हणाले, सांगायला सोपं आहे. ते भांडण तिथेच राहिलं. आज ना उद्या पुढे चालवू असं वाटत होतं.

पण मी ते माझ्या पद्धतीनं संपवलं, मॅडम. तेच मला पुलावर सांगायचं होतं.

पल्लवीच्या कॉलेजात आपलं शिबिर झालं तेव्हा तुम्ही हैदराबादला बैठकीसाठी गेला होतात. रक्त मी काढलं, पट्ट्याही मीच लावल्या. पल्लवीला कामठ्याचं स्थळ सांगून आलं होतं. नितेश चांगला मुलगा, शेती आहे, शाळेत नोकरी आहे. त्याचे वडील बैठकीत पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणाले होते, "हे सिकलसेल का काय म्हंतात ते आमच्यात नसते. आमचे पुरखे मालव्याहून आले." तुम्ही असतात तर विचारलं असतंत, येताना रक्त तिकडेच ठेवून आले का? मी मान हलवली आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पट्टीवर पल्लवीच्या दोन रेघा आल्या. माझ्यासारख्याच. मी त्या उजेडात धरल्या, उलट्या करून पाहिल्या, जणू उलट्या केल्यावर एक रेघ पुसली जाणार होती. मग पट्टी फाडली. रजिस्टरमध्ये माझ्या चांगल्या अक्षरात "सामान्य" लिहिलं आणि पांढरं कार्ड भरलं. गावोगाव बायांना कार्ड लपवू नका म्हणून सांगत फिरणारी मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणी करून ठेवली असावी.

तुमची सवय मला माहीत होती. बाहेरून आलात की रॅकमधल्या चार-दोन ट्यूबा उचलून परत तपासायच्या. म्हणून पल्लवीची ट्यूब मी काढून टाकली. तुम्ही आलात, रॅकमधली रिकामी जागा पाहिलीत आणि विचारलंत, "ही कुठे गेली?"

"फुटली मॅडम. हातातून पडली."

खोटं पक्कं व्हावं म्हणून तुम्ही येण्याआधी मी फरशीवर ब्लीचिंगचं पाणीही टाकून ठेवलं होतं. तुमच्या देखत मी ते खाली बसून पुसत होते. तुम्ही दारात उभ्या होतात. "असं," म्हणालात. मग थोड्या वेळानं म्हणालात, "नीट पूस. कोपऱ्यात राहते."

पल्लवीचं साक्षगंध झालं, लग्न झालं. तुम्ही लग्नाला आलात, पंगतीत बसून पोटभर जेवलात आणि मुलीच्या हातात एक पाकीट ठेवून तिच्या कानात काहीतरी बोललात. मी लांबून पाहत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. पण तुम्ही माझ्याकडे वळून नुसतं म्हणालात, "वरण छान झालंय." मला वाटलं, सुटले.

सुटका कसली? लग्न लागलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न: नितेशच्या किती रेघा आहेत? त्याचं रक्त तपासा म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार. तुम्हांला सांगावं, तर तुमच्यासमोर उभं राहायचं कसं? पल्लवी शिकत होती, मूल लांबवत होती, म्हणून मी दिवस ढकलत राहिले. त्याला आता चार वर्षं झाली. दर मंगळवारी आपण चहा प्यायचो, तेव्हा वाटायचं आज सांगावं. तुम्ही बिस्कीट बुडवून खायच्या, ते कपात पडायचं, तुम्ही चमच्यानं शोधत बसायच्या आणि माझा मंगळवार निघून जायचा.

आता पल्लवीला तिसरा महिना आहे. तुमच्या तेरवीच्या दिवशीच तिनं फोनवर सांगितलं. नितेशच्याही दोन रेघा असल्या तर पोटातल्या बाळाची तपासणी लवकर करावी लागते. उशीर झाला तर मग काही हातात राहत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्या घरात हे कोणालाच माहीत नाही, फक्त मला माहीत आहे. सांगितलं तर मुलगी दोषाची दिली, फसवून दिली, असं म्हणून तिला परत पाठवतील. नाही सांगितलं तर काय होऊ शकतं ते मी लाल कार्डाच्या लेकरांच्या उशाशी बसून पाहिलं आहे. तुम्ही असतात तर मी अजून एक मंगळवार पुढे ढकलला असता. उद्या कामठ्याला जाते.

इथवर लिहून सहा दिवस झाले, मॅडम. आज पुढचं लिहिते.

मी गेले तेव्हा घरची मंडळी खळ्यावर होती, धानाची मळणी चालू होती. पल्लवी एकटीच परसात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. मी आवळ्याचं लोणचं तिच्यापुढे ठेवलं, पाणी प्यायले, पायपुसणं झटकलं. मग बसले.

"पल्लवी, मले तुले काही सांगाचं हाये."

"सांग न."

"तुझं कार्ड पांढरं नाही. पिवळं हाये. मी बदललं होतं."

तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. एक काडी तोडली, दुसरी तोडली. मग खाली पाहतच म्हणाली, "मले माहीत हाये."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी विचारलं, "कवापासून?"

"साक्षगंधाच्या आधीपासून. मॅडम कॉलेजात आल्या होत्या. म्हणाल्या, तुझी ट्यूब फुटली म्हणते तुझी आई, परत एकदा रक्त दे. मी म्हटलं, फुटली असन. त हसल्या. म्हणाल्या, पल्लवी, दोन वर्षांपासून आमच्या ट्यूबा प्लास्टिकच्या हायेत."

मॅडम, मी तिथे परसात बसल्या बसल्या मेले. काचेच्या ट्यूबा होत्या तेव्हा आठवड्याला एखादी फुटायची, तेव्हाचं ते वाक्य माझ्या जिभेवर बसलेलं. प्लास्टिकची ट्यूब फुटली म्हणून मी तुमच्यासमोर ओणवी होऊन कोरी फरशी पुसत होते आणि तुम्ही दारात उभं राहून मला "नीट पूस" सांगत होतात.

पल्लवी बोलत राहिली. तिनं परत रक्त दिलं होतं आणि दोन रेघा आल्या होत्या. तिनं स्वतः नितेशला फोन केला होता. म्हणाली होती, माझं कार्ड पिवळं हाये, तू तुझं रक्त तपासून ये, मंग मी हो म्हणते. तो दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता तुमच्याकडे आला. तुम्ही दोघांनाही बसवून पट्टी दाखवलीत. त्याची एकच रेघ होती. म्हणजे बाळाला आजार होणार नव्हता. त्या घरात भीतीचं काही कारण पहिल्या दिवसापासून नव्हतं. मी चार वर्षं ज्याला भीत होते ते नव्हतंच.

मला आधी हलकं वाटलं. मग राग आला. "मंग मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन नाई सांगितलं?"



"मी वाट पाहून राहिली होती, आई. वाटे आज सांगन, उद्या सांगन. साक्षगंध झालं, हळद झाली, तू माह्या अंगाले हळद लावून राहिली होती तवा मी तुझ्या तोंडाकडे पाहत होती. नाई सांगितलं तू. समजा नितेशचं बी पिवळं असतं त? तरी धाडलं असतं न तू मले?"

हो, मॅडम. धाडलं असतं. मी तिला तसं म्हणू शकले नाही, पण तिला ते कळलं. भाजीची टोपली उचलून ती आत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. बऱ्याच वेळानं ती चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली. म्हणाली, "मॅडमले मी म्हटलं होतं, तुमीच विचारा तिले. त म्हणाल्या, मी विचारलं त ती रडेल, माफी मागेल आन मोकळी होईल. तिनं आपल्या पायानं आलं पाहिजे."

तुमचा हट्ट मला माहीत आहे. पण चार वर्षं? मला तुमचा इतका संताप आला की तिथून परतताना बसमध्ये मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. एक शब्द टाकला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्हांला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही कपातलं बिस्कीट शोधत बसायच्या. लग्नात माझं वरण छान म्हणालात. मी चोरी केली असेल, पण मला त्या चोरीसोबत इतकी वर्षं एकटीला ठेवणं हाही दुष्टपणाच.

मग घरी येऊन बसले आणि तुमचा प्रत्येक शब्द उलटून पाहू लागले. तेव्हापासून मला झोप अशी नाही. त्या ट्यूबच्या गोष्टीनंतर तुम्ही नियम केला होता की रजिस्टरमध्ये प्रत्येक ओळीवर दोन सह्या हव्यात. "माझे डोळे जात चाललेत," म्हणाला होतात. मी ते खरं मानलं. तुमच्यासाठी चष्म्याच्या दुकानात चौकशीही केली. मुर्रीच्या त्या पोरीचं नंतर दुसरीकडे लग्न जमलं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "बघ, तिच्या आईनं यावेळी मुलाचं कार्ड मागितलं." तेव्हा तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत, असं आता वाटतं. की नाही पाहिलंत? आता कोणाला विचारू? प्रत्येक आठवणीत तुम्ही माझ्यासमोर गप्प बसलेल्या दिसता आणि मी काहीतरी दुसरंच बोलत असते.

आणि तो पूल. तुम्ही "बोल" म्हणालात ते माझा श्वास ऐकून म्हणाला नव्हतात. तुम्ही चार वर्षं थांबला होतात आणि आपल्याजवळ आता फार वेळ नाही हे तुम्हांला कळलं होतं. तुम्ही मला शेवटची संधी दिलीत. मी तुम्हांला पूल दाखवला.

पल्लवीनं सासऱ्यांना स्वतःच सांगितलं. मी म्हणाले होते, राहू दे, आता कशाला. ती म्हणाली, उद्या माह्या लेकराचं कार्ड पिवळं निघालं त का त्याचंही लपवू? सासरे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. मला अजून फोन आलेला नाही, येईल तेव्हा ऐकून घेईन.

परवा मी रजिस्टर काढलं. चुकीच्या ओळीवर पांढरी शाई लावायची नाही, एकच रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची, हा तुमचाच नियम. पल्लवीच्या ओळीत तुम्ही काही लिहिलं नव्हतं. ती तशीच ठेवली होती. मी "सामान्य" खोडलं, "वाहक" लिहिलं, सही केली. दुसऱ्या सहीची जागा रिकामी राहिली. तुमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही.

आज सकाळी चोरखमाऱ्याकडच्या एका गावी शिबिर होतं. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं. तपासणीची पेटी घेऊन मी गेले, शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं. मागच्या वेळी तपासलेल्यांची कार्डं वाटायची होती. एक बाई तिच्या पोरीचं कार्ड घेऊन परत आली. पिवळं होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि वाकून माझ्या कानाशी आली.

"बाई, येवढं पांढरं करून द्या न. पोरीची सोयरीक चालू हाये. तुमच्याच हातात त हाये."

मला नेहमीचं भाषण पाठ आहे. वाहक म्हणजे आजारी नाही, लपवू नका, मुलाचंही तपासून घ्या. तोंड उघडलं आणि ते भाषण बाहेर आलंच नाही. मी म्हणाले, "मी केलं होतं. माह्या सख्ख्या पोरीचं."

ती सरळ उभी राहिली. रांगेतल्या बाया जवळ सरकल्या. शेजारी बसलेल्या गावच्या आशा सेविकेनं रजिस्टरवरून मान वर केली.

"मंग?" त्या बाईनं विचारलं.

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. कोरी फरशी पुसली तेही सांगितलं, हळद लावताना पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती तेही. बाया ऐकत होत्या. कुणी हसलं नाही. त्या बाईनं कार्ड दोन-तीनदा उलटंसुलटं केलं, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "माहा मालक काई पोराचं कार्ड मागत नाई, बाई. त्याले लाज वाटते. मी एकटीनं कसं मागू? तुमी याल का संगं?"

मी हो म्हणाले, मॅडम. रविवारी आम्ही दोघी मुलाच्या घरी जातो आहोत.